टर्बो गेला म्हणण्याआधी
(स्नेहमेळाव्यातील ‘माझ्या कामातलं, तुमच्या कामाचं’ या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला वीस मिनिटं दिली आहेत आणि अट एकच घातली आहे. आपल्या कामातलं असं काही सांगायचं, जे घरी जाऊन वापरता येईल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सॉफ्टवेअर म्हटलं की तुम्ही माझ्याकडे बंद पडलेले प्रिंटर आणि विसरलेले पासवर्ड घेऊन येता, म्हणून विषय मीच निवडला. गेली बरीच वर्षं मी डिझेल इंजिन सांभाळणाऱ्या कंप्यूटरच्या प्रोग्रामवर काम करते. आणि आपल्या वर्गाच्या ग्रुपवर वर्षातून चार-पाच वेळा एकच प्रश्न येतो : “गाडी चढावर अचानक ओढेनाशी झाली. गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला. काय करू?”

आपल्यापैकी निदान सात-आठ जणांचं घर डिझेलवर चालतं. कोणाची स्कूल बस आहे, कोणाची दुधाची गाडी, कोणाची आंब्याची, एक जण एसटीत आहे. बाकी अनेकांच्या दारात डिझेल कार आहे. म्हणजे हा प्रश्न पैशाचा आहे, आणि घाटाच्या वळणावर तो जिवाचाही होतो. जेवण जड झालंय, कोणाला डुलकी लागलीच तर चुकामूक नको, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जोर गेला म्हणजे टर्बो गेलाच असं नसतं. आणि टर्बो खरंच गेला असेल, तर तो कशामुळे गेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नका.

आता थोडं विज्ञान. आपल्या सरांनी पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घातला होता, आठवतंय? मेण भरपूर शिल्लक होतं, तरी ज्योत विझली. डिझेल इंजिनाचं तेच आहे. टाकीत डिझेल कितीही असो, जळतं तेवढंच जेवढ्याला हवा मिळेल. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १२ किलो हवा लागते. १२ किलो हवा म्हणजे जवळजवळ १०,००० लिटर, उन्हाळ्यात आपल्याकडे येतो त्या पाण्याच्या मोठ्या टँकरएवढी. दीड लिटरचं इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर स्वतःहून फार तर १,५०० लिटर हवा ओढतं. म्हणजे एक टँकर हवा ओढायला त्याला सहा-सात मिनिटं लागणार. तेवढ्याने भरलेली गाडी घाट चढत नाही. धूर न करता जाळायचं तर हवा त्याहूनही जास्त लागते.

यावरचा उपाय म्हणजे टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. कल्पना सोपी आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरात अजून ताकद शिल्लक असते. त्या धुराने एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरा पंखा बसवायचा, आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. दाबली की हवा तापते आणि तापली की पसरते, म्हणून वाटेत तिला इंटरकूलरमध्ये थंड करायचं. मोटारीच्या टर्बोचा हा दांडा जोरावर असताना मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, लहान टर्बोत त्याहूनही जास्त. तो टेकलेला असतो फक्त ऑइलच्या थरावर, आणि तो थर केसापेक्षा पातळ असतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझ्या कामाकडे येते. गाडीच्या कंप्यूटरला टर्बो दिसत नाही. त्याला दिसतो इंजिनाच्या तोंडाशी बसवलेल्या एका सेन्सरने मोजलेला हवेचा दाब. आम्ही प्रोग्राममध्ये एक तक्ता लिहून ठेवतो : इतके फेरे, रेस इतकी दाबलेली, तर दाब इतका हवा. कंप्यूटर सेकंदाला अनेकदा मागणी आणि मिळकत यांचा हिशोब ताडून पाहतो. काही सेकंद मिळकत फारच कमी राहिली, तर तो एक कोड लिहून ठेवतो, पी०२९९. फारच जास्त झाली तर पी०२३४. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. आणि हवेशिवाय डिझेल ओतत राहिलं तर काळा धूर होईल, इंजिन तापेल, म्हणून तो डिझेलच कमी करतो. यालाच लिंप मोड म्हणतात, लंगडत घरी जाण्याची सोय. तुम्हाला वाटतं गाडीने दगा दिला. प्रत्यक्षात ती स्वतःला वाचवत असते.

स्कॅनरवर पी०२९९ आला की अनेक ठिकाणी तो “टर्बो खराब” असा वाचला जातो. तो कोड एवढंच म्हणतो की मागितला तेवढा दाब पोचला नाही. पोरगं दुकानात पाठवलं, दोन किलो साखर सांगितली आणि घरच्या तराजूवर ती दीड किलोच भरली, तर काय काय झालेलं असू शकतं? दुकानदाराने कमी दिली असेल. पिशवीला भोक असेल. चिठ्ठी वाटेत हरवली असेल. पोराच्या हातात पैसेच कमी दिले असतील. किंवा घरचा तराजूच बिघडला असेल. कोड म्हणजे घरच्या माणसाची तक्रार. तेवढ्यावर दुकानदाराशी भांडायला जाणं बरं नव्हे. टर्बो हा यातला दुकानदार. त्याच्याकडे शेवटी जायचं, कारण बाकीचे चार तपास स्वस्त आहेत आणि दोष बऱ्याचदा त्यांच्यातच सापडतो.

एक खरा किस्सा सांगते. आपल्या वर्गातल्याच एकाची पिकअप गाडी. त्याने नाव घेऊ नको म्हणून सांगितलंय, पण तुम्ही सगळे आत्ताच त्याच्याकडे वळून बघताय, तेव्हा काही इलाज नाही. चिपळूणहून आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाट चढताना, तिसऱ्या गिअरमध्ये, ऐन वळणावर गाडीचा जोर गेला. पिवळा दिवा लागला. बाजूला घेऊन चावी बंद केली, पाच मिनिटांनी सुरू केली, तर गाडी ठणठणीत. पुढच्या चढावर पुन्हा तेच. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे सांगितलं, टर्बो बदला. आंब्याचा हंगाम ऐन भरात, खर्च हजारांच्या पटीत, आणि गाडी उभी राहिली की रोजचं भाडं बुडणार.

मी त्याला फोनवर एकच गोष्ट सांगितली : कोणालाही कोड पुसू देऊ नको. कोड लिहिताना कंप्यूटर त्या क्षणाचा एक फोटोही काढून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. फेरे किती होते, वेग किती, रेस किती दाबली होती, इंजिन किती तापलं होतं, हे सगळं त्यात असतं. गॅरेजमध्ये पोचल्या पोचल्या पहिलं बटण कोड पुसायचं दाबलं जातं, आणि हा फोटो त्याबरोबर जातो.

गाडी नेली आपल्याच वर्गातल्या दुसऱ्या मित्राकडे, ज्याने दहावीनंतर आयटीआय करून गॅरेज टाकलं. त्याचं नाव घ्यायचीही गरज नाही, गेल्या पंचवीस वर्षांत आपल्यातल्या अर्ध्या लोकांच्या गाड्या त्याने ढकलून आणल्या आहेत. फ्रीझ फ्रेममध्ये दिसलं की दोष फक्त भरल्या गाडीला, चढावर, रेस जवळजवळ पूर्ण दाबलेली असतानाच येत होता. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर सगळं बरोबर. म्हणून वजन भरून, लॅपटॉप घेऊन आम्ही चढावर गेलो. चालवायला मालक, आकड्यांकडे बघायला मी. गाडी चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही, हा नियम तुम्हीही पाळा. इंजिन मागत होतं २,१०० मिलिबार, मिळत होतं जेमतेम १,४००. मागणी आणि मिळकतीच्या दोन रेघा स्क्रीनवर फाकत चालल्या होत्या. आणि मागे बसलेला आपला मित्र म्हणाला, “रेस दाबली की सूऽऽ असा आवाज येतोय बघ. सोडली की थांबतो.” माझ्या स्क्रीनवर तो आवाज नव्हता.

परत आल्यावर त्याने गाडीखाली जाऊन इंटरकूलरच्या खालच्या होज पाइपवर बोट फिरवलं. एका जागी ऑइल आणि धुळीचा काळा चिखल जमला होता. पाइप काढून वाकवला तर खालच्या बाजूला बोटभर चीर. उभ्या गाडीत दाब कमी, त्यामुळे चीर मिटलेली. चढावर दाब वाढला की ती उघडायची. पाइप एका पट्टीला घासत होता, तिथे तो फाटला. नवा पाइप बसवला, पट्टी बाजूला वाकवली, आणि त्याच चढावर, तेवढंच वजन भरून पुन्हा मोजलं. मागणी २,१००, मिळकत २,०८०. टर्बोला हात लावला नाही. तो अजून चालतोय.

आता तुम्ही काय बघायचं ते क्रमाने सांगते.

पहिली पिशवी. टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होज पाइप, क्लिपा आणि इंटरकूलर. खूण म्हणजे रेस दाबल्यावर सुसकारा, बऱ्याचदा काळा धूर, आणि जोडाजवळ ऑइलचा ओला डाग. पाइपमध्ये आतून ऑइलचा पातळ हात फिरलेला असणं नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. बाहेर डाग असेल तर मात्र तिथून हवा निसटते आहे. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, तसंच इथे करता येतं. हवेची वाट दोन्हीकडून बंद करायची, कॉम्प्रेसरची हवा बेताच्या दाबाने सोडायची आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. हे काम गॅरेजमध्येच करून घ्या, दाब जास्त झाला तर पाइप उडतो. आणि फट आहे म्हणून तशीच चालवत राहू नका. कंप्यूटर कमी पडलेली हवा भरून काढायला टर्बोला आणखी पळवत राहतो. काही महिन्यांनी टर्बो खरंच जातो, आणि मग सगळे म्हणतात, आम्ही आधीच सांगितलं होतं.

दुसरी चिठ्ठी, म्हणजे टर्बोपर्यंत पोचणारा हुकूम. आजच्या बऱ्याच टर्बोंमध्ये धुराच्या वाटेवर हलणाऱ्या छोट्या पाती असतात, त्याला व्हीजीटी म्हणतात. पाती मिटली की धूर जोरात सुटतो आणि दाब वाढतो. ही पाती काही गाड्यांत छोटी मोटर हलवते, काहींत व्हॅक्यूम. व्हॅक्यूमच्या गाडीत पेन्सिलीएवढे रबरी पाइप असतात. ते उन्हाने तडकतात, आणि आपल्याकडे उंदीर कुरतडतात. व्हॅक्यूम गेला की पाती उघडी राहतात आणि दाब बनतच नाही. इंजिन सुरू करताना दुसऱ्याने टर्बोजवळची बारीक दांडी बघायची. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या पात्यांच्या बहुतेक गाड्यांत ती सुरू होताच सरकलेली दिसते. जागची हललीच नाही तर आधी पाइप बघा, मग तो व्हॅक्यूम सोडणारा व्हॉल्व्ह, मग वायरिंग.

इथे एक गोष्ट जपून ऐका. डिझेल गाडीत व्हॅक्यूम बनवायला वेगळा पंप असतो, आणि कार-पिकअपसारख्या अनेक गाड्यांत ब्रेक हलका करणारा बूस्टरही त्याच पंपावर चालतो. गाडीचा जोर गेला आणि त्याच वेळी ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागायला लागलं, तर तो विषय टर्बोचा राहिला नाही. गाडी तिथेच उभी करा आणि टो करून न्या.

पाती काजळीने अडकली तर उलटा प्रकार होतो. गाडी शहरात ठीक चालते. हायवेवर ओव्हरटेक करताना दाब मागणीच्या वर उसळतो आणि जोर एकदम जातो. चावी बंद-चालू केली की पुन्हा बरी. रोज हळू आणि जवळच चालणाऱ्या गाड्यांत हे जास्त दिसतं. यावर बऱ्याचदा पाती साफ करून भागतं.

तिसरे पैसे. टर्बो धुरावर चालतो. इंजिनात कमी डिझेल जळलं, तर धूर कमी, मग टर्बो मंद, मग दाब कमी. म्हणजे मूळ दोष डिझेल फिल्टरचा आणि कोड मात्र दाबाचा, असं होऊ शकतं. फिल्टर तुंबला की सपाटीला गाडी चालते आणि चढावर मरते, धूर मात्र फारसा काढत नाही. अशा वेळी डिझेलच्या दाबाचा कोड, पी००८७, सोबत आहे का ते विचारा. असला तर आधी डिझेलची बाजू तपासा. पावसाळ्यात फिल्टरखालचं पाणी काढा. एअर फिल्टर तर स्वतःच उघडून बघता येतो. ऊसतोडीच्या आणि खडीच्या रस्त्यावर तो पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या बराच आधी भरतो.

याच सदरात धुराची बाहेर जायची वाट येते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. त्यातली काजळी जाळायला तो साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. दोन किलोमीटरवर शाळा, तीन किलोमीटरवर बाजार, एवढंच चालवलं तर तो तापत नाही आणि तुंबतो. मग जोर जातो. डीपीएफचा दिवा लागला की दुर्लक्ष न करता पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. आणि इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलेल्या जातीचंच घाला, कारण चुकीच्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये कायमची बसते. बीएस-६ ट्रक आणि बस वाल्यांना आणखी एक. ज्याला आपण सगळे युरिया म्हणतो तो संपला किंवा त्यात पाणी मिसळलेलं निघालं, की कंप्यूटर जोर मुद्दाम कमी करतो. प्रोग्राममध्ये तसं लिहिलेलंच असतं. त्याचा टर्बोशी काही संबंध नाही.

चौथा तराजू, म्हणजे सेन्सर. ही परीक्षा मला सगळ्यात आवडते कारण ती फुकट आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि स्कॅनरवर हवेचा दाब बघा. टर्बो फिरत नाही, म्हणजे तिथे बाहेरच्या हवेइतकाच दाब दिसला पाहिजे. समुद्रकाठी तो साधारण १,०१० मिलिबार, कराड-पुण्याच्या उंचीला ९५० च्या आसपास, महाबळेश्वरला ८६०. भूगोलाच्या बाईंनी सांगितलेलं होतं, उंच जावं तशी हवा विरळ होते. ते इथे कामाला येतं. कराडला उभ्या गाडीत सेन्सर ८०० किंवा १,२०० दाखवत असेल, तर तराजूच खोटा आहे. त्यावर काजळी बसली असेल तर साफ करा, नाहीतर बदला, आणि मग पुढचं बोला.

हे चारही बघून झालं की पाचवा, दुकानदार. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून, इंजिन पूर्ण बंद आणि थंड असताना, पंखा बोटाने फिरवून बघायचा. दांडा आडवा किंचित हलणं नेहमीचं आहे, कारण तो ऑइलवर तरंगतो. पण पुढे-मागे खेळत असेल, पंख्याची कड घराला घासत असेल, किंवा पाती वाकलेली असतील, तर टर्बो गेला. चालत्या गाडीत सायरनसारखा वाढत जाणारा आवाज आणि निळसर धूर याही खुणा आहेत. मात्र निळा धूर आणि पाइपमध्ये भरपूर ऑइल दिसलं तरी एकदा थांबा. टर्बोतून ऑइल परत जायचा पाइप तुंबला किंवा इंजिनाचा ब्रीदर बंद पडला, तर चांगला टर्बोही ऑइल बाहेर फेकतो.

आणि टर्बो गेलाच, तर जुना परत मागून घ्या आणि उघडून दाखवायला सांगा. पाती ठेचलेली असतील तर बाहेरून काहीतरी आत गेलं, म्हणजे एअर फिल्टर किंवा त्याचं घर बघा. बेअरिंगवर ओरखडे असतील तर ऑइल घाण होतं. दांडा निळा पडलेला असेल तर ऑइल पोचलंच नाही. टर्बो सहसा आपल्या मरणाने मरत नाही, त्याला कोणीतरी मारलेलं असतं. तो कोण हे शोधलं नाही तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. म्हणून नव्याबरोबर ऑइलचा येणारा पाइप नवा किंवा पूर्ण साफ, जाणारा पाइप मोकळा, ऑइल आणि फिल्टर नवे, आणि इंटरकूलर धुतलेला हवा, नाहीतर त्यात अडकलेले जुन्याचे तुकडे इंजिनात जातात. बसवताना ऑइलच्या जोडाला सीलंट थापू देऊ नका. त्याचा एक कण सुटला तर ती बारीक वाट बंद होते. सुरू करण्याआधी टर्बोत ऑइल भरायचं, आणि पहिली काही मिनिटं रेस न देता चालू ठेवायचं. रोजच्यासाठी एवढंच : ऑइल वेळेवर बदला, आणि घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका. एखादा मिनिट इंजिन शांत चालू द्या, म्हणजे दांडा ऑइलमध्येच थंड होतो.

आता जिवाची गोष्ट. घाटात जोर गेला तर इंजिन बहुतेक वेळा चालूच असतं. चालत्या गाडीत चावी बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत चार दाबांत संपते. चारही इंडिकेटर लावा, खालचा गिअर घ्या, डावीकडे रुंद जागा बघून थांबा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि निघताना तो दगड रस्त्यातून काढा. मग दिवे बघा. लाल ऑइलचा दिवा असेल तर इंजिन लगेच बंद, एक मीटरही पुढे नाही. तापमानाचा लाल असेल तरी तिथेच थांबायचं. फक्त पिवळा असेल आणि ब्रेक ठीक असेल तर हळू चालवत सुरक्षित जागी जाता येतं. चावी बंद-चालू करून जोर परत येतो, ती युक्ती वळणावरून बाहेर पडण्यापुरती ठेवा. त्यावर महिना काढू नका, कारण पुढच्या वेळी तुम्ही एसटीला ओव्हरटेक करत असाल.

दुसरा प्रकार क्वचित होतो, पण माहीत हवा. टर्बोचं सील गेलं की ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात जातं, आणि डिझेल इंजिन ते ऑइलच जाळायला लागतं. रेस सोडली तरी फेरे वाढत जातात, धुराचे लोट निघतात, आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. गिअरवाली गाडी असेल तर क्लच दाबून गाडी थांबवा, ब्रेक पूर्ण दाबून ठेवा, हँडब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. ऑटोमॅटिक असेल किंवा हे जमलं नाही, तर सगळ्यांना उतरवून लांब न्या. हवेचं तोंड हाताने किंवा फडक्याने बंद करायला कोणीही जाऊ नये. बॉनेटवर वाकलेलं असताना इंजिन फुटलं तर गाडीच्या किमतीचा हिशोब करायला कोणी उरत नाही.

गॅरेजमध्ये गेलात की चार वाक्यं म्हणा. “कोड पुसण्याआधी लिहून द्या, फ्रीझ फ्रेमसकट.” “दाबाची मागणी आणि मिळकत चढावर मोजून दाखवा.” “टर्बो बदलायचा असेल तर तो कशामुळे गेला ते दाखवा.” “दुरुस्तीनंतर त्याच चढावर पुन्हा मोजा.” चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. आपला मित्र तर म्हणतो, असा गिऱ्हाईक आला की काम सोपं होतं. आणि ज्याच्याकडे ही उत्तरं आहेत, त्याने दोन तास तपासायचे पैसे मागितले तर घासाघीस करू नका. सुटा भाग बदलायचे पैसे आपण मुकाट्याने देतो आणि डोकं चालवायचे द्यायला कुरकुरतो, म्हणून लोक भाग बदलत बसतात.

उद्या सकाळी नाश्त्यानंतर आम्ही दोघं मैदानात पिंपळाखाली असू. माझ्याकडे लॅपटॉप, त्याच्याकडे साबणाचं पाणी आणि कान. ज्यांच्या गाडीचा पिवळा दिवा पेटलेला आहे आणि ज्यांनी त्यावर चिकटपट्टी लावली आहे, हो, मला माहीत आहे कोण ते, त्यांनी पट्टी काढून रांगेत यावं. गुरुजनांच्या गाड्या आधी.